वल्ह्याची निशाणी

कोसरघाटच्या उताराच्या वहीत
माणसांची नावं फार नाहीत.
गाड्या आहेत, बैल आहेत, बोजे आहेत,
जवस, हळद, मिठाच्या गोण्या,
आणि एकदा, भादव्यात,
"अस्वलवाला एक, अस्वल एक. अस्वलाचे दोन पैसे. वाद झाला."
काय वाद झाला ते लिहिलेलं नाही.

वही मिळाली चिरकुटरावांकडे,
पंपदुरुस्तीच्या दुकानात, ग्रीसच्या डब्याखाली.
त्यांच्या आज्याच्या आज्याकडे घाटाचा ठेका होता.
"वाचता येते का पाहा, नाईतर रद्दीत टाकतो."
मी मोडी शिकलो ती नोकरीपायी, भूमी अभिलेखात,
जुन्या फेरफारांची भांडणं सोडवायला.
भांडणं सुटली नाहीत. मोडी तेवढी राहिली.

वर्धा तेव्हा हद्द होती.
अलीकडे भोसल्यांचं, पलीकडे मोगलाई.
दोन्ही राज्यं गेली,
पण आमच्याकडे अजून पलीकडून आलेल्या सुनेला
भांडणात "मोगलाईतली" म्हणतात.

शके सतराशे चौऱ्याऐंशी.
पानं एकाएकी कापसाने भरतात.
दिवसाला चाळीस बोजे, मग साठ,
मग रात्री मशाली लावून उतार.
सात समुद्रांपलीकडे भाऊभाऊ लढत होते,
तिथल्या कुठल्याशा नदीकाठचे धक्के ओस पडले होते,
म्हणून इथे छोगमल अडत्या
बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या बसवत होता,
म्हणून घाटावरच्या बाजारात
विलायती सुया आल्या, काचेचे कंदील आले.
हे माझं. वहीत एवढंच दिसतं
की कारकुनाचं अक्षर घाईचं होत जातं.

प्रत्येक पानाच्या तळाशी निशाण्या.
कुणब्याचा नांगर.
आणि नावाड्याचं वल्हं : एक उभी रेघ, खाली पान.
शेजारी, "लटारू भोई, हातची निशाणी."
त्याची रेघ सरळ नाही,
वरच्या टोकाला डावीकडे कलते;
कागदावरही त्याने धारेचा हिशेब धरला असावा.

नऊ वर्षं तेच वल्हं.
मग एका आषाढात चार दिवस कोरे. "पूर. नाव बंद."
पाचव्या दिवशी गाड्या सात, म्हैस एक,
खाली वल्हं,
पण आखूड, सरळसोट, पान नको तितकं मोठं.
मजकूर तोच : "लटारू भोई, हातची निशाणी."

मी वही खिडकीशी नेली. भिंग घेतलं.
नाव बदललेलं नाही.
कदाचित आळस. कदाचित
मेलेल्याची मजुरी चालू ठेवायची
ही कारकुनाची न लिहिलेली नोंद.
हात पोराचा असेल. बाईचा असेल.
बाईचा म्हणावं तर एका पानावर रेघेशेजारी
हळदीचं बोट उमटलंय;
पण हळद नावेत रोजच चढत होती.

चिरकुटरावांना सांगितलं.
ते मोटारीत तांब्याची तार भरत होते.
"मंग कोन होतं थे?"
"माहीत नाही."
"मंग तुमी वाचलं काय?"

पुढे वरच्या अंगाला आगगाडीचा पूल झाला.
पुलाचं वहीत नाव नाही.
नुसत्या गाड्या नऊ, गाड्या चार, गाडी एक,
"जोगी दोन, पैसा घेतला नाही."
मग ठेक्याची मुदत सरेपर्यंत
रोजची तिथी, रोजचं शून्य,
आणि प्रत्येक शून्याखाली ते आखूड वल्हं.
म्हणजे रोज कुणीतरी घाट उतरून आलं होतं,
बसलं होतं, आणि संध्याकाळी
काहीच न झाल्याची सही करून गेलं होतं.

शेवटचं पान, चैत्र वद्य अमावास्या.
वल्ह्याचं पान आधी काढलंय, रेघ नंतर,
खालून वर.
अर्ध्यात शाई संपली.
पुढे नुसता बोरूचा ओरखडा,
दिसत नाही,
बोट फिरवलं की लागतो.